रविवारपर्यंत उघडू नये

सासूबाईंनी जावयाशी बोलणं टाकलं, त्याला त्या शनिवारी सोळा दिवस झाले होते.

घर दोन खोल्यांचं आणि पुढे फ्रिज दुरुस्तीचं दुकान. एवढ्याशा जागेत न बोलणं हे बोलण्यापेक्षा कष्टाचं काम. जेवायला तिघं एकाच टेबलाशी बसत. समोर बसलेला जावई मीठ शोधतोय असं दिसलं की सासूबाई लेकीकडे वळून म्हणत, "तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ त्याच्या कोपराशी आहे." मग लेक नवऱ्याकडे वळून सांगे, "मीठ तुमच्या कोपराशी आहे." लेकीची नोकरी पोस्टात, काउंटरवर. दिवसभर लोकांचे निरोप इकडून तिकडे पाठवायचे आणि घरी आलं की पुन्हा तेच, तेही बिनतिकिटाचं.

चूक जावयाचीच होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी उगाच त्यांच्या बाजूने हळहळायला नको. गल्लीत त्यांना खटपटराव म्हणत. माणूस हुशार, हात सोन्याचा, पण बंद वस्तू त्यांना बघवत नसे. मुलगी बघायला गेले तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याचे तीन भाग केले होते. चहा झाला, लग्न ठरलं, घड्याळ मात्र तेव्हापासून सव्वाचारच दाखवत राहिलं. उघडलेलं परत बसवताना एखादा स्क्रू उरला, की तो खिशात टाकून खटपटराव म्हणत, "हे कंपनीवाले उगाच जास्तीचे घालतात."

सासरे गेले, जुनं घर विकलं, आणि सासूबाई लेकीकडे राहायला आल्या त्या एक ट्रंक आणि एक कोंबडी घेऊन. कोंबडीचं नाव कलेक्टरीणबाई. मान ताठ, चाल पाहणीला आल्यासारखी. तिची आई, आजी, पणजी सगळ्या सासूबाईंच्याच हाताखाली वाढलेल्या. जुन्या घरातलं जिवंत म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. मागच्या अंगणात खुराडं झालं आणि यथावकाश कलेक्टरीणबाई अकरा अंड्यांवर बसल्या.

चौथ्या दिवशी खटपटरावांच्या लक्षात आलं की खुराड्याची कडी करकरते. करकरली तर करकरू द्यावी की नाही? पण नाही. त्यांनी कडी काढली, दोन स्क्रू दातांत धरले आणि तेलाची बाटली आणायला आत आले. आत दुकानात एका पंख्याचं झाकण बंद दिसलं. ते उघडून बघेपर्यंत शेजारच्या बोक्याने खुराड्याचं दार उघडून बघितलं. कलेक्टरीणबाईंचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी वाकून खुराड्यात हात घातला, एकेक अंडं चाचपलं, आणि जावई समोर उभा असताना लेकीला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, अंडी अजून गरम आहेत."

त्या दिवसापासून निरोपाचं हे टपाल सुरू झालं. पण त्या पहिल्या निरोपात शिक्षा होती तशी एक संधीही होती, आणि खटपटरावांना ती कळली. त्यांचे डोळे भरून आले होते. ते बाहीने पुसत ते दुकानात पळाले आणि दीड तासात त्यांनी अंडी उबवायची पेटी उभी केली.

दुकानात एका कंपनीचे, एकाच काळातले दोन जुने फ्रिज उभे होते. दोन्ही दुधी रंगाचे, दोन्ही खांद्याला गोल, दोन्हींच्या दाराला कुलूप. एक भंगारातला, केव्हाच मेलेला. दुसरा मोठ्या बाईंचा. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. खटपटराव चौथीत त्यांच्याच हाताखाली होते, आणि अजूनही त्यांचा फोन आला की उभे राहून बोलत. बाईंचा फ्रिज एका सुट्या भागासाठी दोन महिने खोळंबला होता.

भंगारातल्या फ्रिजमध्ये खटपटरावांनी दोन बल्ब बसवले, एक छोटा पंखा, तापमान साडेसदतीसवर धरून ठेवणारं बटण, आणि हवेत ओल राहावी म्हणून पाण्याचा वाडगा. आयुष्यभर पेट्या थंड केल्या, आज पहिल्यांदा एक गरम केली. सगळं झकास जमलं. फक्त त्या फ्रिजच्या दाराचं रबर कुजलेलं होतं आणि ऊब बाहेर पळत होती. बाईंच्या फ्रिजचं दार मात्र बाईंसारखंच, एकदा मिटलं की मिटलं. खटपटरावांनी दोन्ही दारं उतरवली आणि अदलाबदल केली. सतरा दिवसांचा तर प्रश्न! सतरा दिवसांनी ज्याचं दार त्याला.

बाईंच्या दारावर शाळेचं एक जुनं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. बाईंनी ते असं चिकटवलं होतं की तीस वर्षांत त्याचा कोपराही सुटला नव्हता. पहिला तास गणित, दुसरा भाषा. आता त्या वेळापत्रकामागे अकरा अंडी पहिल्या तासाला बसली.

उबवणी म्हणजे खरं तर वाट बघणं, आणि नेमकं तेवढंच खटपटरावांना येत नव्हतं. अंडी दिवसातून तीनदा फिरवायची म्हणून सासूबाईंनी प्रत्येकावर एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढून दिला. खटपटराव ती तीनदा फिरवत आणि तीसदा बघत. दार उघडलं की काटा उतरे, आणि आतल्या खोलीतून निरोप निघे.

"तुझ्या नवऱ्याला सांग, दार लाव."

"आई म्हणतेय, दार लावा."

"आईंना सांग, मी फक्त बघत होतो."

"तुझ्या नवऱ्याला सांग, बघितल्याने अंडी मोठी होत नाहीत."

दहाव्या दिवशी अंधार करून बॅटरीच्या उजेडात एकेक अंडं धरलं, तेव्हा आत लालसर शिरांचं जाळं दिसलं आणि मधोमध एक ठिपका हलला. सासूबाईंचा चेहरा क्षणभर असा उजळला की आता त्या बोलतात असंच खटपटरावांना वाटलं. सासूबाईंनी ओठ उघडले, जावयाकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाल्या, "सांग त्याला, बॅटरी विझव. उगाच जाळू नको."

अठराव्या दिवशी, गुरुवारी, अंडी फिरवणं बंद झालं. आता पिल्लं आतल्या आत वळून जागा धरणार. आता दार उघडलं की ओल जाणार, ओल गेली की अंड्याच्या आतला पापुद्रा वाळून पिल्लाला जखडणार. तेव्हा सासूबाईंनी जावयाकडून किल्ली काढून घेतली, दाराला कुलूप घातलं, किल्ली आपल्या कमरेला खोचली आणि लेकीकडून पोस्टातल्या ठसठशीत अक्षरात एक सूचना लिहून घेऊन वेळापत्रकाखाली चिकटवली: "रविवारपर्यंत दार उघडू नये. स्विच बंद करू नये. हुकमावरून."

त्याच दिवशी बाईंच्या फ्रिजचा सुटा भाग आला. खटपटरावांनी तो बसवला, फ्रिज थंडगार झाला, आणि त्यांनी आनंदाने बाईंना फोन केला. "बाई, तुमचा फ्रिज तयार आहे. केव्हाही न्या." केव्हाही म्हणजे केव्हाही नव्हे, दार परत बदलल्यावर, हे सांगायचं राहून गेलं.

शनिवारी दुपारी लेक आईला चष्म्याचा नंबर काढायला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. जाताना सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, जागचं हलायचं नाही." खटपटराव खुर्चीत बसले. दाराला कान लावून ऐकलं. पंखा चालू होता. पुन्हा बसले. तेवढ्यात समोरच्या बेकरीवाल्याने हाक मारली. त्याच्या थंड कपाटातून पाणी गळत होतं.

"पाच मिनिटांत आलो," खटपटराव शेजारच्या शिंप्याला म्हणाले. "काका, दुकानाकडे लक्ष ठेवा. आणि मोठ्या बाईंचा टेम्पो आला तर त्यांचा फ्रिज देऊन टाका. तयार आहे."

"दोन दिसतायत. त्यांचा कुठला?"

"वेळापत्रकवाला!" खटपटराव रस्ता ओलांडता ओलांडता ओरडले.

तोंडातून शब्द गेला तो गेला. बेकरीवाल्याचं कपाट उघडल्यावर त्याच्या मागे अजून एक झाकण निघालं, त्याच्या मागे अजून एक. पाच मिनिटांचा दीड तास झाला. खटपटराव हात पुसत परतले तेव्हा दुकानात एकच फ्रिज उभा होता.

"नेला बाईंनी," शिंपी सुईत दोरा ओवत म्हणाला. "दोन हमाल होते. फ्रिज चालू होता रे, पण मी वायर काढून दिली हो नीट गुंडाळून."

आत दुकानात उभा होता तो बाईंचा फ्रिज, भंगाराचं दार लावलेला. बाईंकडे गेली होती ती पेटी, बाईंचं दार लावलेली. खटपटराव टेम्पोमागे धावायला निघाले आणि दारातच सासूबाई आणि बायको समोर आल्या.

डॉक्टरने डोळ्यांत थेंब घातले होते. सासूबाईंना सगळं धुरकट दिसत होतं. संकटात माणसाला आधी अक्कल सुचत नाही, लबाडी सुचते. खटपटरावांनी झटकन उरलेला फ्रिज पेटीच्या जागी ढकलला आणि वायर लावली. सासूबाई चाचपडत आल्या आणि नेहमीप्रमाणे दाराला कान लावला.

"तुझ्या नवऱ्याला सांग," त्या म्हणाल्या, "पंख्याचा आवाज बदललाय."

"अहो, आई म्हणतेय..."

"ऐकलं. आईंना सांग, तेल घातलंय."

"त्याला विचार, दार गार का लागतंय?"

बायकोने दाराकडे पाहिलं. वेळापत्रक नव्हतं. सूचना नव्हती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

खटपटरावांचा फोन कधीकाळी बरा होता. मग त्यांनी तो उघडून साफ केला. तेव्हापासून समोरच्याचा आवाज फक्त मोठ्यानेच येई, आणि तो कमी करायचं बटण त्या उरलेल्या स्क्रूंच्या डब्यात होतं. खटपटराव सवयीने उभे राहिले. ते आधीच उभे होते, म्हणून अजून ताठ झाले.

"मी बोलतेय," मोठ्या बाईंचा आवाज दुकानभर घुमला. "फ्रिज पोचला. लगेच लावला. स्विच बंद करू नये असं लिहिलंय, त्याप्रमाणे चालू ठेवलाय."

"बाई, तुम्ही तो उघडलात?" खटपटरावांचा आवाज चिरकला.

"रविवारपर्यंत उघडू नये अशी सूचना आहे. मला वाचता येतं. माझ्याकडे किल्ली आहे, तरी उघडलेला नाही. दुधाचं पातेलं बाहेर आहे, पण सूचना म्हणजे सूचना."

"बाई, तुमचे उपकार..."

"ते राहू दे. एक तक्रार आहे. फ्रिज आवाज करतोय."

"कसला आवाज?"

जन्मभर ज्यांनी मुलांना नेमकं बोला म्हणून शिकवलं, त्या बाईंना आता नेमकंच बोलावं लागणार होतं. "चिवचिव करतोय," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी गार दाराला टेकवलेला कान हळूच बाजूला केला. धुरकट डोळ्यांनी त्यांनी आधी तो फ्रिज पाहिला, मग जावयाच्या दिशेने पाहिलं. "तुझ्या नवऱ्याला सांग," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रिक्षा बोलाव."

रिक्षा निघाली. खटपटराव मनात हिशोब मांडत होते. टेम्पोत अर्धा तास वीज नाही. पण फ्रिजच्या भिंती जाड, थंडी धरतात तशी ऊबही धरत असतील. रस्त्यात खड्डे, पण अंडी कागदाच्या ट्रेमध्ये घट्ट बसलेली. आणि चिवचिव येतेय म्हणजे निदान एक तरी आहे. देवा, एक तरी असू दे. सोळा दिवसांत जी गोष्ट त्यांना तोंडाने सांगता आली नव्हती, ती त्यांना त्या पेटीतून काढून सासूबाईंच्या ओंजळीत ठेवायची होती, आणि ती पेटी त्यांनी स्वतःच्या तोंडाने दुसऱ्याला देऊन टाकली होती.

मोठ्या बाईंच्या स्वयंपाकघरात पेटी भिंतीला सरळ रेषेत उभी होती. आतून खरंच आवाज येत होता. एक बारीक, दुसरा किंचित जाड, आणि मधूनच टकटक. खटपटरावांनी धापा टाकत सगळी हकिगत सांगितली आणि कुलपाकडे हात नेला. "फक्त एकदा बघतो. किती आहेत तेवढं..."

"आज वार कोणता?" बाईंनी विचारलं.

"शनिवार."

"सूचनेत काय लिहिलंय?"

"बाई, पण ती सूचना आम्हीच लिहिलीय!"

"मग तुम्ही तर पाळायलाच हवी."

सासूबाईंनी धुरकट डोळ्यांनी बाईंकडे पाहिलं. असं माणूस त्यांना फार वर्षांत भेटलं नव्हतं. "बाई," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे आजची रात्र मला बसायला एक खुर्ची मिळेल?"

"दोन आहेत," बाई म्हणाल्या. "एकीवर मी बसते."

खटपटरावांना त्यांच्या बायकोसकट घरी पाठवण्यात आलं. पेटी घरी असती तर रात्रीतून त्यांनी ती कितीदा उघडली असती, हे त्यांचं त्यांनाही माहीत होतं. तोवर मनात कुठेतरी त्यांना कळूनही चुकलं होतं की चुकून का होईना, पेटी योग्य हाती पडलीय.

रविवारी सकाळी नऊ वाजता, वेळापत्रकातल्या पहिल्या तासाला, लेक-जावई परत हजर झाल्यावर सासूबाईंनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं.

आत कल्लोळ होता. काही पिल्लं वाळून फुललेली, काही अजून ओली, केस विस्कटल्यासारखी. टरफलं सगळीकडे. एक पिल्लू दुसऱ्याच्या डोक्यावर उभं राहून बाहेरच्या जगाची पाहणी करत होतं. मान ताठ, नजर वरून खाली.

"कलेक्टरीण!" सासूबाईंच्या तोंडून निघालं. डोळ्यांतल्या थेंबांचा अंमल उतरला होता, तरी त्यांना पुन्हा धुरकट दिसायला लागलं.

बाईंनी हजेरी घेतली. "हजर नऊ. अकरातले दोन कुठे?"

एक अंडं गप्प होतं. हलवलं, उजेडात धरलं, काही नाही. ते वाटेतच कुठेतरी थांबलं होतं. दुसऱ्याला मात्र एक छोटं भोक पडलं होतं. भोकातून चोचीचं टोक दिसत होतं. ते हललं, थांबलं, आणि फार वेळाने पुन्हा हललं.

"कधीपासून असं आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"या कोपऱ्यातली टकटक रात्री जेवणानंतर ऐकली होती, आठ वाजता," बाई म्हणाल्या. "पहाटेपासून तिकडून आवाज नाही."

सासूबाई गंभीर झाल्या. बाकीची आतल्या आत गोल फिरून टरफलाचं टोपण कापून बाहेर आली, हे मात्र तेरा तास एका जागी अडकलं होतं. टेम्पोच्या अर्ध्या तासात कुठेतरी याच्या नशिबी कोरडी हवा आली असावी. पापुद्रा वाळून अंगाला चिकटला होता. मदत करायला हवी होती. कशी करायची ते सासूबाईंना पाठ होतं, पण नवा चष्मा यायला चार दिवस होते आणि जवळचं काही दिसत नव्हतं. मोठ्या बाईंची बोटं संधिवाताने वाकलेली. लेकीला पार्सल बांधता येई, सोडता येत नसे. सगळ्यांनी खटपटरावांकडे पाहिलं. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांना काहीतरी उघडायला सांगत होते आणि त्यांनीच हात पाठीमागे घेतले.

कोमट पाणी आलं, कापूस आला, बाईंच्या टाचण्यांच्या डबीतून एक बारीक चिमटा आला. खटपटराव अंडं तळहातावर घेऊन दिव्याखाली बसले.

"तुझ्या नवऱ्याला सांग, आधी कापूस भिजवून पापुद्रा ओला कर. चोचीवर पाणी नको."

"पापुद्रा ओला करा. चोचीवर पाणी नको."

"आता भोकाच्या कडेचं टरफल कणभर काढ म्हणावं. खेचायचं नाही, मोडायचं."

"कणभर काढा. खेचू नका, मोडा."

खटपटरावांनी चिमट्याने एक कण मोडला. मग दुसरा. आतलं पिल्लू एकदा क्षीण आवाजात बोललं आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. तिसरा कण निघाला आणि खाली पांढऱ्या पापुद्र्यात काहीतरी दिसलं.

"आईंना सांग, बारीक लाल दोऱ्यासारखं दिसतंय."

"आई, हे म्हणतायत, लाल..."

"थांबा!" सासूबाई खुर्चीतून उठल्याच. "जावईबापू, हात काढा! आधी हात काढा म्हणते ना!"

खटपटरावांनी चिमटा टाकला. लेक तोंड उघडून बसली होती, कारण पोचवायला काही उरलंच नव्हतं. सासूबाईंच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. त्या थेट जावयासमोर आल्या. "रक्त आहे ते. त्याच्या शिरांतून अजून वाहतंय, ते पोटात ओढून घेतोय तो. आता ओढलंत तर जाईल. तयार नाही तो. तुम्ही तयार आहात, तो नाही. कळलं?"

"कळलं, आई," खटपटराव म्हणाले. सतरा दिवसांनी ऐकलेलं पहिलं वाक्य ओरडून म्हटलेलं होतं, आणि एवढं गोड वाक्य त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

अंड्याला कोमट ओला कपडा गुंडाळला, चोच तेवढी मोकळी ठेवली, अंडं परत पेटीत गेलं आणि दार लागलं. मोठ्या बाईंनी पेटीसमोर एक स्टूल ठेवलं. "बस. हाताची घडी, तोंडावर बोट."

"किती वेळ, बाई?"

"आधी बोट."

खटपटराव बसले. दहा वाजले, अकरा वाजले. बंद दार डोळ्यांसमोर, आत काय चाललंय याचा पत्ता नाही. चिमटा टेबलावर, किल्ली कुलपातच. एकदा घडी सुटून उजवा हात आपोआप पुढे गेला. बाईंनी फूटपट्टी नुसती उचलली आणि हात आपोआप मागे आला. एक वाजला. बायकोने त्यांना पावाचा तुकडा भरवला. दोन वाजता सासूबाई शेजारी स्टूल ओढून बसल्या. काही बोलल्या नाहीत, पण ते वेगळं न बोलणं होतं.

"चौथीत तू दहा मिनिटंही बसला नव्हतास," बाई म्हणाल्या.

"चौथीत आत कुणी नव्हतं, बाई," खटपटराव बोटाआडून म्हणाले.

तीन वाजता सासूबाईंनी दार उघडलं. अंडं दिव्याखाली आलं. खटपटरावांनी डोळे बारीक करून पाहिलं. "आई, लाल नाही आता. पिवळट दिसतंय."

"आता काढा. टोपणासारखं, गोल फिरून. शेवटचं मात्र त्याला ठेवायचं."

खटपटराव कणाकणाने फिरले. घड्याळांचे, पंख्यांचे, फोनचे हजारो स्क्रू काढलेली ती बोटं आता श्वास घेतल्यासारखी हलत होती. अर्धं टोपण मोकळं झालं. पाऊण झालं. अजून एक कण, आणि सगळं सुटलं असतं. खटपटरावांनी चिमटा खाली ठेवला आणि कुणीही न सांगता हाताची घडी घातली.

मिनिटभर काही झालं नाही. मग अंड्यातून एक पाय बाहेर आला. मग त्याने असा काही झटका दिला की टोपण उडून बाईंच्या दुधाच्या पातेल्यात पडलं, आणि ओलं, मरतुकडं, वाकड्या मानेचं एक पिल्लू खटपटरावांच्या तळहातावर आडवं होऊन ओरडायला लागलं.

खटपटरावांनी ते उचलून सासूबाईंच्या ओंजळीत ठेवलं. सतरा दिवस जे सांगायचं होतं ते सगळं सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "कळलं मला. कळलं, बाबा."

"हजर दहा!" मोठ्या बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या आणि चक्क टाळी वाजवली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय झालं? "निकाल लागला!" बाईंनी खिडकीतून सांगितलं. खटपटराव हसत होते, रडत होते, आणि दर मिनिटाला बायकोला विचारत होते, "आई माझ्याशी बोलल्या, ऐकलंस ना?"

पुढच्या आठवड्यात दारं पुन्हा बदलली गेली आणि बाईंना बाईंचा फ्रिज मिळाला. खुराड्याला नवी कडी लागली. ती शिंप्याने लावली. त्या शेवटच्या अंड्यातलं पिल्लू महिन्याभरात दहांत सगळ्यात दांडगं निघालं. मान थोडी वाकडी राहिली, बाकी सगळं उत्तम. त्याला बंद म्हणून काही चालत नसे. दाण्याच्या डब्याचं झाकण, पुठ्ठ्याचं खोकं, दिसलं की चोच घालून उचकटायचं. सासूबाईंनी त्याचं नाव खटपट्या ठेवलं, आणि ते ठेवताना जावयाकडे मुळीच पाहिलं नाही.

एका सकाळी खटपट्या अंगणात नव्या कडीवर चोच मारत होता. चार हातांवर खटपटराव पायरीवर बसून सासूबाईंच्या नव्या चष्म्याचा एक स्क्रू, जो अजिबात सैल नव्हता, सैल करत होते.

"उघडायचं नाही म्हणून सांगितलंय ना!" खिडकीतून आवाज आला.

खटपट्या टुणकन मागे सरला. खटपटरावांनी चष्मा खाली ठेवला.

आतून बायको सवयीने धावत आली. "अहो, आई म्हणतेय..."

"तू मध्ये पडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "माझं मी सांगते त्यांना."